विकार आणि अपराध

गोपाळ गणेश आगरकरांनी शेक्सपियरच्या 'हॅम्लेट'चे भाषांतर १८८३ साली प्रसिद्ध केले, तेव्हा त्यास त्यांनी 'विकारविलसित' असे नाव दिले. या नावाची अन्वर्थकता आपण घ्यावी तितकी लक्षात घेत नाही. मराठीत 'विकार' हा शब्द दोन घरी नांदतो. काम, क्रोध, मत्सर हे विकार. आणि हृदयविकार, नेत्रविकार हेही विकारच. पहिल्या अर्थाचा विकार आवरणे हे माणसाचे कर्तव्य समजले जाते व तो न आवरल्यास दोष त्याच्या माथी येतो. दुसऱ्या अर्थाचा विकार ज्यास जडला, तो माणूस दोषास नव्हे, तर औषधास आणि करुणेस पात्र ठरतो. 'मनोविकार' या एकाच शब्दाचा प्रवास पाहावा. आगरकरांच्या पिढीचे लेखक राग, लोभ, प्रेम, भय या सर्वांस मनोविकार म्हणत. आज तोच शब्द आपणांस डॉक्टरांच्या दारावरील पाटीवर वाचावयास मिळतो. भावनेचे नाव पुढे रोगाचे नाव व्हावे, हा केवळ भाषेतील योगायोग नव्हे. ज्या ठिकाणी भावना संपते आणि रोग सुरू होतो, ती सीमा मुळातच अस्पष्ट आहे. आणि अपराधाचा विचार करू जाता न्यायाधीश, वैद्य व साहित्यिक या तिघांसही त्याच सीमेवर उभे राहावे लागते.

खुद्द हॅम्लेट या सीमेचा मोठा चतुर उपयोग करतो. पाचव्या अंकात, द्वंद्वयुद्धापूर्वी, तो लेअर्टीसची क्षमा मागतो. लेअर्टीसचा बाप पोलोनियस त्याच्याच हातून मारला गेलेला आहे. हॅम्लेटचे म्हणणे असे की, तो अपराध माझा नव्हे, माझ्या वेडाचा. आणि त्या वेडाने ज्यांचे वाईट केले, त्यांत मी स्वतःही एक आहे. भाषण ऐकावयास उदार वाटते. परंतु ज्याने हे वेड बुद्ध्या पांघरलेले आपण पाहिले आहे, त्याच्याच तोंडी ही सबब आल्यामुळे प्रेक्षक थबकतो. हॅम्लेट खोटे बोलत आहे, असे म्हणवत नाही. खरे बोलत आहे, असेही म्हणवत नाही. शेक्सपियरने हा प्रश्न असाच सोडून दिला. आज मेंदूविषयीचे ज्ञान पुष्कळ वाढले असता तोच प्रश्न नव्या वेषात आपल्यापुढे आला आहे. अपराध माणसाने केला की त्याच्या मेंदूने? आणि मेंदूने केला असे ठरल्यास माणसास शिक्षा कशाची?

या प्रश्नाचा सर्वांत सखोल विचार मला कोणत्याही शास्त्रीय ग्रंथात न आढळता डोस्टोव्हस्कीच्या 'कारामाझॉव बंधू' या कादंबरीत आढळला. १८७९-८० साली मासिकातून क्रमशः आलेली ही कादंबरी पितृहत्येची कथा आहे. थोरला मुलगा द्मित्री याच्यावर बापाच्या खुनाचा आरोप आहे. त्याने तो केलेला नाही, हे वाचकास ठाऊक असते. पण तो करण्याची भाषा त्याने गावभर केलेली असते. खटल्यात त्याच्या मनाची स्थिती ठरविण्यासाठी तीन डॉक्टर साक्षीस येतात. वृद्ध डॉक्टर हर्झेनश्टूबे म्हणतो की, आरोपी न्यायालयात शिरताना सरळ समोर पाहत होता, हेच त्याच्या बिघाडाचे लक्षण. स्त्रियांचा शौकीन असलेल्या या माणसाने डावीकडे, जेथे स्त्रिया बसल्या आहेत तिकडे, पाहावयास हवे होते. मॉस्कोहून मुद्दाम आणविलेला नामांकित डॉक्टर म्हणतो की, बिघाड आहे खरा, परंतु त्याने पाहावयास हवे होते उजवीकडे, कारण ज्याच्यावर सर्व भिस्त तो वकील तेथे बसला आहे. तिसरा तरुण डॉक्टर म्हणतो की, आरोपी सरळ पाहत होता, कारण न्यायाधीश समोर बसले आहेत. यावरून तो अगदी शुद्धीवर आहे. एकच नजर, एकच क्षण आणि शास्त्राचे तीन निष्कर्ष!

या प्रवेशावरून डोस्टोव्हस्की मानसशास्त्राचा वैरी होता, असा समज करून घेणे सोपे आहे, आणि पुष्कळांनी तो करून घेतलाही आहे. या समजास आधार नाही असे नाही. १८६४ च्या सुधारणेने रशियात ज्यूरीची पद्धत आली, तेव्हा परिस्थितीने माणसाकडून गुन्हा करविला असे सांगून आरोपी सोडून देण्याची प्रथा बोकाळली. तिच्यावर त्याने १८७३ साली 'परिस्थिती' या लेखात कठोर टीका केली. त्याचा मुद्दा असा होता की, सर्व दोष परिस्थितीवर टाकला म्हणजे आरोपीवर दया होत नाही. त्याचे माणूसपणच काढून घेतले जाते. जो दोषी असू शकत नाही, तो चांगलाही असू शकत नाही. हे लिहिणारा माणूस ओम्स्कच्या तुरुंगात चोरखुन्यांच्या शेजारी चार वर्षे राहून आला होता, हे विसरता कामा नये.

परंतु तीनच वर्षांनी, १८७६ साली, हाच लेखक पीटर्सबर्गमधील एका आरोपी स्त्रीच्या बाजूने उभा राहिला. कॉर्निलोव्हा नावाच्या वीस वर्षांच्या गर्भवती तरुणीने आपल्या सहा वर्षांच्या सावत्र मुलीस चौथ्या मजल्याच्या खिडकीतून खाली ढकलले आणि मग स्वतःच जाऊन पोलिसांस खबर दिली. मुलगी आश्चर्यकारक रीतीने वाचली. न्यायालयाने कॉर्निलोव्हास सक्तमजुरीची व सायबेरियाची शिक्षा सांगितली. डोस्टोव्हस्कीने आपल्या 'लेखकाची दैनंदिनी' या पत्रात प्रश्न केला की, गरोदरपणात मनाची जी विलक्षण अवस्था होऊ शकते, तिचा विचार झाला काय? तो तिला तुरुंगात जाऊन भेटला. खटला पुन्हा चालला आणि १८७७ मध्ये ती सुटली.

परिस्थितीची सबब हाणून पाडणारा आणि शरीरस्थितीची बाजू मांडणारा लेखक एकच. ही विसंगती आहे काय? मला तसे वाटत नाही. पहिल्या लेखात त्याचा विरोध कारणास नाही. सर्वांस सरसकट लागू पडणाऱ्या, म्हणून कोणासही न पाहणाऱ्या कारणास आहे. दुसऱ्या प्रसंगी त्याने एका विशिष्ट स्त्रीचे, विशिष्ट दिवसाचे आणि विशिष्ट अवस्थेचे कारण शोधले. त्यासाठी तो तिच्यासमोर जाऊन बसला. कादंबरीतील तीन डॉक्टरांची फजितीही शास्त्रामुळे झालेली नाही. त्यांनी आरोपीची नजर पाहिली, आरोपी पाहिला नाही, यामुळे झाली आहे.

याचा पुरावा त्याच प्रकरणात आहे. आपले शास्त्रीय मत देऊन झाल्यावर वृद्ध हर्झेनश्टूबेला एक जुनी आठवण येते. द्मित्री लहान असताना आई सोडून गेलेली, बाप व्यसनी, आणि मूल परसात अनवाणी हिंडत असे. त्याची तुमान एका गुंडीवर लोंबत असे. डॉक्टरला दया आली आणि त्याने त्या मुलास रत्तलभर मेवा दिला. परका जर्मन तो. त्या कवचीच्या मेव्याचा रशियन शब्दही त्याला भर न्यायालयात आठवेना, लोकांनी सुचवावा लागला. त्या मुलास त्यापूर्वी कोणीही कधी असे काही घेऊन दिलेले नव्हते. पुढे तेवीस वर्षांनी एक धिप्पाड तरुण डॉक्टरच्या घरी येऊन उभा राहिला आणि त्या मेव्याबद्दल त्याने आभार मानले. तो द्मित्री होता. ही साक्ष ऐकून आरोपीच्या पिंजऱ्यातील द्मित्री रडू लागतो.

टीकाकाराने या ठिकाणी थोडे थांबले पाहिजे. डॉक्टर म्हणून जो माणूस हास्यास्पद ठरला, तोच शेजारी म्हणून त्या खटल्यातील सर्वांत खरी साक्ष देतो. त्या साक्षीने आरोप खोटा ठरत नाही आणि आरोपी निर्दोषही ठरत नाही. ज्यूरी अखेर त्यास दोषीच ठरविते. परंतु हा माणूस कसा घडला आणि कशाने निराळा घडू शकला असता, हे एका क्षणात उजेडात येते. बापाच्या घरात जे मूल कोणाचेच नव्हते, ते एका पुडीची आठवण तेवीस वर्षे जपते! त्याच्या ठायी चांगुलपणाचे मूळ होते. त्यास पाणी घालण्याचे काम मात्र बाहेरच्या माणसाने, एकदाच केले.

आता या कादंबरीतील वैगुण्याकडे वळतो. खरा खुनी स्मेर्द्याकोव्ह हा अपस्माराचा रोगी आहे. डोस्टोव्हस्की स्वतः त्याच व्याधीने आयुष्यभर पीडित होता, आणि कादंबरी लिहिण्यापूर्वी थोडेच दिवस, १८७८ साली, त्याचा धाकटा मुलगा त्याच व्याधीने दगावला होता. तरीही त्याने खुनी अपस्मारीच का करावा? लेखकाच्या बाजूने बरेच सांगता येते. खुनाच्या दिवशी स्मेर्द्याकोव्हला आलेला झटका खोटा असतो. खरा झटका मागून येतो. अर्थात रोगाने खून करविला नाही, खुन्याने रोगाचा आडोसा केला. शिवाय तो असा का झाला, हेही लेखक लपवीत नाही. त्याचे पालन करणारा ग्रिगोरी त्यास तोंडावर सांगतो की तू माणूसच नव्हेस. बारा वर्षांच्या मुलाने धर्मग्रंथाविषयी एक शंका विचारली म्हणून तो त्यास थोबाडीत मारतो, आणि आठवड्याच्या आत पहिला झटका येतो. एकास मेवा मिळाला, दुसऱ्यास चपराक. एवढे असूनही सामान्य वाचकाच्या मनावर ठसा उमटतो तो एवढाच की, रोगी मनुष्य तोच घातकी मनुष्य. वर्गात ही कादंबरी शिकविताना विद्यार्थ्यांचा पहिला ग्रह हाच होतो, असे मी वर्षानुवर्षे पाहिले आहे. तो कसा दूर करावा, याची सोय लेखकाने पुरेशी केलेली नाही.

हा ग्रह सौम्य मानण्यासारखा नाही, कारण तो असत्य आहे आणि त्याची किंमत आजारी माणसाच्या घरास द्यावी लागते. अमेरिकेत १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या मॅकआर्थर अभ्यासात असे दिसून आले की, मनोरुग्णालयातून बाहेर पडलेले जे रुग्ण दारू वा अंमली पदार्थांच्या आहारी नव्हते, ते त्यांच्याच वस्तीतील इतर लोकांहून अधिक हिंसक नव्हते. दुसऱ्या एका अमेरिकन पाहणीवरून असा अंदाज निघाला की, सर्व गंभीर मानसिक आजार उद्या नाहीसे झाले तरी हिंसा घटेल ती शेकडा ४ च्या आसपास. उरलेली हिंसा शहाण्यासुरत्यांची! आपल्या नाटकांत व चित्रपटांत वेडा दिसला की हाती सुरी येते. प्रत्यक्षात वेड लागलेल्या माणसाच्या वाट्यास येते ती बहुधा दाराची कडी आणि शेजाऱ्यांची कुजबूज.

मग मेंदूचा आणि अपराधाचा संबंधच नाही काय? आहे, पण आपण समजतो तितका सरळ नाही. १८४८ साली अमेरिकेत फिनिअस गेज नावाच्या रेल्वेवरील मुकादमाच्या कवटीतून सुरुंगाची लोखंडी पहार आरपार गेली. तो जगला, परंतु पूर्वीचा मनमिळाऊ गेज राहिला नाही, असे त्याच्या डॉक्टरने नमूद केले. कपाळामागील मेंदूचा भाग संयमाशी निगडित आहे, ही गोष्ट या अपघाताने लोकांच्या लक्षात आणली. परंतु याच गेजने पुढे चिली देशात कित्येक वर्षे टपालाची घोडागाडी हाकून पोट भरले. तो गुन्हेगार झाला नाही, ही गोष्ट फारशी कोणी सांगत नाही.

न्यूझीलंडमधील डनीडिन शहरी १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या सुमारे एक हजार मुलांचा जन्मापासून पाठपुरावा करण्यात आला. २००२ साली त्यातून एक महत्त्वाचा निष्कर्ष पुढे आला. मेंदूतील रसायनांशी संबंधित असलेल्या एका विशिष्ट जनुकाची धाटणी काही मुलांत मंद असते. अशा मुलांपैकी ज्यांचा लहानपणी छळ झाला, त्यांच्यात पुढे हिंसक वर्तन अधिक आढळले. तेच जनुक घेऊन जन्मलेल्या, परंतु सुखाने वाढलेल्या मुलांत ते तसे आढळले नाही. पुढील काही पाहण्यांत हा संबंध याहून क्षीण दिसला; तथापि छळ हा स्वतःच घातक आहे, याविषयी दुमत झाले नाही. अमेरिकेतील इप्सिलँटी गावी १९६२ पासून १२३ गरीब मुलांवर एक प्रयोग झाला. त्यांपैकी निम्म्याहून थोड्या कमी मुलांस तिसऱ्या-चौथ्या वर्षी उत्तम बालशाळा मिळाली आणि शिक्षिका दर आठवड्यास त्यांच्या घरी जात. ही मुले चाळिशीस पोहोचली तेव्हा, पाच वा अधिक वेळा अटक झालेल्यांचे प्रमाण बालशाळा न मिळालेल्यांत शेकडा ५५ होते, तर मिळालेल्यांत शेकडा ३६. या आकड्यांच्या दोन्ही बाजू वाचाव्यात. बालशाळेने सर्वांस वाचविले नाही. परंतु ज्यांस वाचविले, ते रत्तलभर मेव्याच्या जातीच्याच उपचाराने. वृद्ध हर्झेनश्टूबेची साक्ष शास्त्राने शंभराहून अधिक वर्षांनी नोंदवून घेतली, असे म्हणावयास हरकत नाही.

परंतु शास्त्र जेव्हा मूल न पाहता केवळ मेंदू पाहते, तेव्हा काय होते, याचाही धडा इतिहासात आहे. इटलीच्या लोंब्रोसोने १८७६ साली 'अपराधी मनुष्य' हा ग्रंथ लिहून, काही माणसे कवटीच्या घडणीनेच जन्मतः गुन्हेगार असतात, असा सिद्धांत मांडला. त्यापूर्वी पाच वर्षे, १८७१ सालीच, हिंदुस्थानातील इंग्रज सरकारने कवटी मोजण्याचीही तसदी न घेता जातीच्या जाती कायद्याने गुन्हेगार ठरविल्या होत्या. तो कायदा १९५२ साली देशभर रद्द झाला. त्याने लावलेला शिक्का मात्र रद्द झाला नाही. लक्ष्मण गायकवाडांचे 'उचल्या' हे १९८७ सालचे आत्मकथन ज्यांनी वाचले असेल, त्यांस हे निराळे सांगावयास नको. जन्मतः गुन्हेगार ठरविलेल्या जमातीतील एक मुलगा शाळेत जातो आणि मोठेपणी पुस्तक लिहितो. लोंब्रोसोच्या सिद्धांतास मराठीने दिलेले हे उत्तर आहे आणि ते उत्तर वाङ्मयाने दिले आहे, याचा मराठी वाचकास अभिमान वाटावा.

येथे आमच्याच रंगभूमीचे एक उदाहरण घेणे इष्ट होईल. गडकऱ्यांचे 'एकच प्याला' १९१९ साली रंगभूमीवर आले. सुधाकराच्या अधःपाताची कारणे गडकरी एकामागून एक मांडतात: न्यायालयात झालेला अपमान, सनद जाणे, तळीरामाची संगत, आणि मग व्यसनाने ताब्यात घेतलेले मन. आजचा डॉक्टर यास व्याधीच म्हणेल. तरी आपल्या मुलाचा आणि सिंधूचा घात करून बसल्यावर सुधाकर हॅम्लेटप्रमाणे दारूवर दोष ढकलून मोकळा होत नाही. तो स्वतःस दोषी मानतो, आणि म्हणूनच आपल्या दृष्टीने तो पशू न राहता पुन्हा माणूस होतो. त्याने स्वतःस दिलेली मृत्यूची शिक्षा मान्य करण्याचे कारण नाही. परंतु कारणे सर्व उघड असतानाही दोष उरतो आणि दोष उरूनही करुणा आटत नाही, हे आपल्या प्रेक्षकांनी त्या नाटकातून पिढ्यानपिढ्या अनुभवले आहे.

कायद्यास मात्र अनुभवावर थांबता येत नाही. त्यास निकाल द्यावा लागतो. १८४३ साली लंडनमध्ये मॅक्नॉटन नावाच्या कातारी कामगाराने भ्रमाच्या भरात पंतप्रधान पील समजून त्याच्या चिटणिसास गोळी घातली. त्या खटल्यातून जो नियम निघाला, तो १८६० च्या दंडसंहितेत ८४ वे कलम होऊन आपल्याकडे आला, आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या २२ व्या कलमात जवळजवळ त्याच शब्दांत नांदत आहे. कृत्य करतेवेळी मनोविकलतेमुळे त्या कृत्याचे स्वरूप किंवा ते गैर आहे हे कळण्यास जो असमर्थ होता, तो अपराधी नव्हे. हा नियम विचारतो ते एवढेच, की कळत होते काय? कळत असूनही वळत नव्हते, अशा माणसाविषयी तो मौन धरतो. 'कळते पण वळत नाही' ही म्हण आपल्या घराघरांत आहे, आणि कपाळामागील मेंदूचा सर्व विचार या 'वळण्या'चाच आहे.

याची सर्वांत अधिक झळ पोहोचते ती किशोरवयीन मुलांस. संयमाशी निगडित असलेला मेंदूचा भाग पंचविशीपर्यंत पक्व होत असतो, हे आता सर्वमान्य आहे. तारुण्याच्या उंबरठ्यावर गैरकृत्य करणारी बहुसंख्य मुले पुढे आपोआप मार्गावर येतात, हेही. तरी दिल्लीत डिसेंबर २०१२ मध्ये घडलेल्या अत्याचारानंतर लोकक्षोभातून जो २०१५ चा बाल न्याय कायदा आला, त्यान्वये १६ ते १८ वर्षांच्या मुलावर घोर अपराधाचा आरोप असल्यास, त्याचा खटला प्रौढाप्रमाणे चालवावा काय, हे ठरविण्यासाठी त्याच्या मानसिक क्षमतेची प्राथमिक परीक्षा घ्यावयाची असते. मंडळात मानसशास्त्राचा जाणकार नसेल, तर अशा तज्ज्ञाचे साहाय्य घेणे अवश्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयास २०२२ साली सांगावे लागले. त्या क्षोभामागील वेदना खरी होती आणि तिला उत्तर देणे न्यायाचे कर्तव्यच होते. बळी पडलेल्या मुलीचे दुःख ज्यास दिसत नाही, त्याची आरोपीवरील करुणाही संशयास्पदच समजावी. परंतु घडून गेलेल्या एका क्षणी एका मुलाच्या मनाची पक्वता किती होती, हे काही महिन्यांनंतर एखाद-दोन भेटींत मोजावयाचे म्हणजे, आरोपीने डावीकडे पाहिले की उजवीकडे, हे मोजण्यासारखेच आहे. त्या मुलास शिक्षा नको, असे माझे म्हणणे नाही. त्याच्यापुढे सुधारण्याचा काळ अजून शिल्लक आहे, ही गोष्ट शिक्षा ठरविणाराने विसरू नये, एवढेच आहे.

कारण सांगणे म्हणजे क्षमा करणे नव्हे. आणि शिक्षा देणे म्हणजे कारण शोधण्याच्या जबाबदारीतून सुटणे नव्हे. हा तोल शास्त्रास एकट्याने साधत नाही, कारण त्याची दृष्टी समूहावर असते. कायद्यास एकट्याने साधत नाही, कारण त्याची दृष्टी कृत्यावर असते. चांगली कादंबरी आपल्याकडून तो साधून घेते, कारण ती एका माणसाबरोबर आपणांस पाच-सातशे पाने चालावयास लावते. डोस्टोव्हस्कीच्या त्या न्यायालयात वकिलांची भाषणे तासन्‌तास चालतात. द्मित्रीच्या डोळ्यांत पाणी आणते ती मात्र एका म्हाताऱ्याची अडखळती आठवण. ही कादंबरी मिटून ठेवताना वाचकाने त्या खटल्याच्या निकालाइतकाच विचार आपल्या परसात अनवाणी हिंडणाऱ्या मुलांचा करावा. तुमान एका गुंडीवर लोंबणारे मूल पाहावयास रशियापर्यंत जावे लागत नाही.